क्षेत्र आज उघडे आहे : रॉजर्स पासच्या हिवाळी परवान्याचा अनुभव

दोन हिवाळ्यांपूर्वी, मार्च महिन्यात, कॅनडातल्या रेव्हेलस्टोकच्या स्की रिसॉर्टच्या माथ्याजवळ आम्ही दोघे एका दोरीपाशी थांबलो होतो. रिसॉर्टची हद्द तिथे संपत होती. दोरीत एक फाटक होते आणि फाटकावरच्या पाटीचा मथितार्थ असा होता, की यापुढचा डोंगर कोणी राखलेला नाही, तिथे गस्त नाही, हिमस्खलनाचा बंदोबस्त केलेला नाही आणि पुढे जे होईल ते तुमचे तुम्ही पाहायचे आहे. फाटकाला कुलूप नव्हते. पलीकडचा उतार कोणी पाऊलही न टाकलेला, पांढराशुभ्र होता आणि नवऱ्याने त्या दिशेने स्की वळवलीही होती. एवढ्यात मागून गस्तीवरच्या बाई आल्या आणि त्यांनी अगदी साध्या आवाजात चार प्रश्न विचारले. तुमच्याकडे ट्रान्सीव्हर आहे का, फावडे आहे का, प्रोब आहे का, आणि तुम्ही पुरल्या गेलात तर हे गृहस्थ तुम्हाला शोधून काढू शकतील का? ट्रान्सीव्हर म्हणजे हिमाखाली गाडलेला माणूस शोधायला अंगावर बांधायचे संकेत-यंत्र आणि प्रोब म्हणजे हिमात टोचून पाहायची लांब काठी. पहिल्या तीन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे होते आणि चौथ्या प्रश्नाला आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्यांनी आम्हाला अडवले नाही, कारण त्या फाटकातून जाण्यास मनाई नव्हती. आम्ही आपणहून मागे फिरलो.

मी मूळची साताऱ्याची. कॅल्गरीत राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली आणि स्कीइंग शिकून पाच. त्या फाटकापासून सुरू झालेला आणि पुढच्या मार्चमध्ये रॉजर्स पासच्या डोंगरात पोहोचलेला आमचा प्रवास इथे क्रमाने लिहिते आहे. मला स्वतःला तेव्हा मराठीत यातले काहीच वाचायला मिळाले नव्हते आणि इंग्रजीत जे मिळाले ते आधीच सगळे ठाऊक असलेल्यांसाठी लिहिलेले होते.

सुरुवातीला माझा सर्वांत मोठा गोंधळ झाला तो नियम नेमके कोणाचे, याबाबत. रिसॉर्टच्या आत रिसॉर्टचे नियम चालतात. ‘बंद’ अशी पाटी लावलेली दोरी ओलांडली तर पास काढून घेतात. हद्दीवरचे फाटक उघडे असेल तर मात्र बाहेर जाता येते, आणि एकदा बाहेर पडल्यावर आपण रिसॉर्टचे गिऱ्हाईक उरत नाही. रेव्हेलस्टोकच्या पूर्वेला सुमारे ७० किलोमीटरवर रॉजर्स पास ही खिंड आहे. ती ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात येते आणि तिथे पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेचे नियम लागू होतात. तिथे लिफ्ट नाहीत. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून आपल्या पायांनी चढायचे आणि मग उतरायचे. शिवाय तिथल्या बऱ्याच भागांत हिवाळ्यात परवान्यावाचून पाऊल ठेवता येत नाही. आम्ही हाच भाग निवडला, कारण नियम कडक असले तर निदान ते कुठेतरी लिहिलेले असतील, असा माझा हिशेब होता.

सप्टेंबरातच चौकशी सुरू केली आणि तरीही उशीर झाला. हिमस्खलनाविषयीचा प्राथमिक अभ्यासक्रम, ज्याला इकडे सगळे एएसटी-१ म्हणतात, तो अव्हलांच कॅनडा या संस्थेने आखलेला आहे आणि वेगवेगळे प्रशिक्षक तो घेतात. परवान्यासाठी तो सक्तीचा नाही. आम्ही मात्र तो केल्याशिवाय जायचे नाही असे ठरवले होते. डिसेंबरमधल्या शनिवार-रविवारच्या सगळ्या तुकड्या भरलेल्या होत्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या जागा मिळाल्या, माणशी सुमारे ३०० डॉलर. ज्यांना जानेवारीत डोंगरात जायचे असेल, त्यांनी ऑक्टोबरात नाव नोंदवलेले बरे.

पहिला दिवस वर्गातला होता. धोक्याचा रोजचा अंदाज देणारे हिमस्खलन-पत्रक कसे वाचायचे, धोक्याच्या पाच पातळ्या कोणत्या, आणि माथ्याकडचा उघडा भाग, झाडांच्या वरच्या सीमेजवळचा पट्टा व त्याखालचे जंगल या तिन्हींसाठी त्या पातळ्या वेगवेगळ्या का दिलेल्या असतात, हे प्रशिक्षकांनी समजावले. तिसऱ्या पातळीने माणूस सर्वांत जास्त फसतो, असे प्रशिक्षकांचे म्हणणे होते. चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरी बसतात, पण ‘तीन म्हणजे पाचातली मधली’ असा हिशेब करून बाहेर पडतात. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर हिम सर्वांत जास्त सुटते आणि स्कीइंगची मजाही नेमकी त्याच उतारांवर असते, हे ऐकून वर्गात कोणीतरी हसले आणि मग सगळे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या बो समिटला गेलो. तापमान उणे २१ होते. तिथे छातीएवढा खड्डा खणून त्याच्या भिंतीतून तीस सेंटीमीटर लांब-रुंद असा हिमाचा एक खांब मोकळा केला, त्यावर फावड्याचे पाते ठेवले आणि त्यावर मोजून थापा मारल्या. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. तेराव्या थापेला, म्हणजे कोपरातून मारलेल्या तिसऱ्याच थापेला, खांबाचा वरचा भाग कपाटाचा खण बाहेर यावा तसा सरळ पुढे सरकला. जिथून तो सुटला तिथले हिम मी मुठीत घेतले. जाड्या साखरेसारखे दाणे होते आणि कितीही दाबले तरी मूठ वळत नव्हती. तूप कमी पडलेल्या बेसनाचा लाडू जसा वळता वळत नाही, तसेच. कॅनडियन रॉकीजमध्ये हिमाचा थर पातळ आणि थंडी फार, त्यामुळे तळाशी असे दाणे तयार होतात आणि वरचा सगळा जड थर त्या न बांधल्या गेलेल्या दाण्यांवर नुसता टेकून असतो. तोपर्यंत मी पुष्कळ आकृत्या पाहिल्या होत्या. ती मूठ न वळल्यावर मला पहिल्यांदा विषय कळला.

शोधाच्या सरावात मात्र माझी फजिती झाली. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर असतो. तो एरवी सतत संकेत सोडत राहतो आणि कोणी गाडले गेले की बाकीच्यांनी आपापले यंत्र शोधाच्या स्थितीत न्यायचे असते. सरावासाठी पुरलेल्या पिशवीतल्या यंत्रापर्यंतचे अंतर दाखवणारा माझ्या यंत्रावरचा आकडा कमी होत होत अचानक वाढायचा, पुन्हा घटायचा, आणि मी त्याच चार हातांच्या जागेत गोल गोल फिरत होते. नऊ मिनिटे गेली. कारण निघाले ते जॅकेटच्या छातीवरच्या खिशातला फोन. फोन आणि इतर विजेची उपकरणे ट्रान्सीव्हरपासून एरवी किमान २० सेंटीमीटर आणि शोध चालू असताना किमान ५० सेंटीमीटर लांब ठेवायची असतात, हे आदल्या दिवशी मी वहीत लिहूनही घेतले होते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसे बहुतेक वाचतात आणि त्यानंतर ती शक्यता झपाट्याने घसरते. माझी नऊ मिनिटे फक्त जागा सापडण्यात गेली होती, खणायला तर सुरुवातही झाली नव्हती. त्या रात्री परतताना गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. पुढचे तीन आठवडे मात्र घराजवळच्या मैदानात, अंधार पडल्यावर, आळीपाळीने यंत्र पुरून शोधत राहिलो. शेजारच्या आजोबांनी एकदा कुत्रा हरवला आहे का, असे विचारले.

ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे यांचा संच माणशी साधारण ५५० डॉलरला पडला. जुने यंत्र स्वस्तात मिळत होते, पण ते कसे वापरले गेले आहे हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून या एका वस्तूत काटकसर केली नाही. चढाईच्या स्की आणि बूट भाड्याने घेतले, दिवसाला माणशी ६५ डॉलरच्या आसपास. आईला फोनवर हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “माणूस बर्फाखाली सापडावा म्हणून यंत्र लागतं ना तिथे? मग जायचंच कशाला गं तिथे?” यावर मला आजवर धड उत्तर सुचलेले नाही.

आता परवान्याविषयी. पार्क्स कॅनडाने रॉजर्स पासच्या परिसराची तीन प्रकारांत विभागणी केली आहे. काही भाग हिवाळ्यात परवान्यावाचून खुले असतात, तिथे राष्ट्रीय उद्यानाचा नेहमीचा प्रवेशपास पुरतो. काही भाग, मुख्यतः खिंडीतून जाणाऱ्या महामार्गावर थेट कलंडलेले उतार, संपूर्ण हिवाळाभर बंदच असतात. या दोहोंच्या मधले जे निर्बंधित भाग आहेत, ते रोज उघडतात किंवा मिटतात, आणि तिथे जायला हिवाळी परवाना लागतो. ही व्यवस्था नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत चालते. परवाना एका दिवसाचा घेता येतो किंवा संपूर्ण हंगामाचा. हंगामाच्या परवान्यासाठी ऑनलाइन माहिती नीट वाचून एक प्रश्नमंजुषा सोडवावी लागते. हिवाळी परवान्याला शुल्क नाही. उद्यानाचा प्रवेशपास मात्र विकत घ्यावा लागतो. आम्ही कुटुंबाचा वर्षभराचा पास घेतला, तो सुमारे १५० डॉलरला पडला आणि बॅन्फलाही चालला.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी जेवणे आटोपल्यावर मी प्रश्न सोडवायला बसले आणि पहिल्या खेपेस नापास झाले. अभ्यासक्रम नुकताच झालेला असल्यामुळे मी माहितीवरून नुसती नजर फिरवली होती. प्रश्न मात्र हिमाविषयी फारसे नव्हतेच, ते होते नकाशा, हद्दी आणि गाडी कुठे लावायची यांविषयी. मग दुसऱ्या दिवशी नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला, तिन्ही प्रकारच्या भागांना तीन रंग दिले, पार्किंगच्या जागा पेन्सिलीने खुणावल्या आणि पुन्हा बसले. हे काम एका संध्याकाळचे आहे, पण ती संध्याकाळ पूर्ण द्यावी. परवान्याच्या पद्धतीत मधूनमधून बदल होत असतात, तेव्हा मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या आठवणीवर विसंबून राहू नये आणि हंगामाच्या सुरुवातीला पार्क्स कॅनडाच्या पानावर जाऊन पाहावे. यात माझी आठवणही आलीच.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी कामावरून परस्पर निघालो. या रस्त्यावर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल गाडीला हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आमचे होतेच. रात्री गोल्डन गावात मुक्काम केला आणि पहाटे उठून त्या दिवसाची स्थिती पाहिली, तर आम्ही ठरवलेले क्षेत्र बंद. पर्यायी म्हणून ठेवलेले दुसरेही बंद. रात्रभर हिम पडत होते. तरीही, आता इथवर आलोच आहोत तर निदान जागा पाहून येऊ, म्हणून निघालो आणि खिंडीच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकलो. महामार्ग बंद केला होता. काही वेळाने दूरवर, ढगांच्या आत कुठेतरी, दिवाळीतला सुतळी बॉम्ब दोन गल्ल्या पलीकडे फुटावा तसा आवाज झाला, आणि मग पुन्हा एक. पुढच्या ट्रकचा चालक जालंधरकडचा निघाला. आम्ही खाली उतरून हात-पाय मोकळे करत होतो, तेव्हा त्याने थर्मासमधला चहा दिला आणि हिंदीत सांगितले, “फौज आहे. डोंगरावर तोफा मारतात. आता तास-दोन तास बसा.”

हे मी वाचले होते, पण चहाचा पेला हातात धरून तोफ ऐकणे निराळे. रस्ता मोकळा झाल्यावर खिंडीतल्या डिस्कव्हरी सेंटरमध्ये, म्हणजे उद्यानाच्या माहिती-केंद्रात, गेलो आणि तिथे काउंटरवर बसलेल्या कर्मचाऱ्यांशी जे अर्ध्या तासाचे बोलणे झाले, तो माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत उपयोगी अर्धा तास होता.

मी त्यांना विचारले, की क्षेत्र बंद आहे म्हणजे तिथले हिम फार धोकादायक आहे असेच ना? ते म्हणाले, तसे नाही. हा महामार्ग उद्यानाच्या परिसरात १३४ हिमस्खलन-मार्गांखालून जातो. वर साचलेले हिम मोठे होऊन आपोआप रस्त्यावर येण्याआधी, रस्ता रिकामा करून, ते मुद्दाम थोडे थोडे पाडावे लागते आणि त्यासाठी कॅनडाचे सैन्य १०५ मिलिमीटरच्या हॉवित्झर तोफा वापरते. १९६२ मध्ये हा महामार्ग खुला झाला तेव्हापासून हे काम चालू आहे. ज्या उतारांवर गोळे पडण्याची शक्यता असते किंवा जिथून स्की करणाऱ्या माणसाने सोडलेले हिम थेट रस्त्यावर येऊ शकते, तिथे माणसे असता कामा नयेत, एवढ्यासाठी क्षेत्र बंद ठेवतात. मग मी उलटा प्रश्न विचारला, की क्षेत्र उघडे असेल तर? “उघडे असेल तर आज तिथे आम्ही तोफ डागणार नाही,” ते म्हणाले. “हिम काय करणार आहे, ते त्या पाटीवर लिहिलेले नसते.”

उद्यानाचा परवाना आणि हिमस्खलन-पत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर कळले नव्हते. सह्याद्रीत जंगल खात्याच्या नाक्यावर पावती फाडली की गडाची वाट सुरू, या सवयीत मी वाढले. परवानगी मिळाली म्हणजे कोणीतरी पुढचा विचार केलेला आहे, असे डोक्यात बसलेले असते. इथे परवानगी फक्त तोफांच्या वेळापत्रकाशी बांधलेली आहे. तिथेच त्यांनी आणखी एक सूचना केली, की उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात कधीही डोंगरात न फुटलेला गोळा किंवा धातूचा संशयास्पद तुकडा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवायची आणि येऊन कळवायचे.

या खिंडीने माणसे पुष्कळ घेतली आहेत. ४ मार्च १९१० च्या रात्री एका हिमस्खलनाने झाकलेला लोहमार्ग मजूर मोकळा करत असताना समोरच्या डोंगरावरून दुसरे हिमस्खलन आले आणि ५८ जण गेले. त्यांतले ३२ जपानी होते. त्यानंतर रेल्वेने खिंडीवरून जाणेच सोडून दिले आणि १९१६ मध्ये कॉनॉट बोगदा काढून डोंगराखालून वाट केली. दुसरी घटना अलीकडची आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कॉनॉट खोऱ्यात स्की करत निघालेल्या सतरा जणांच्या शाळेच्या गटावर चीऑप्स डोंगरावरून आपोआप सुटलेले हिमस्खलन आले आणि सात विद्यार्थी मरण पावले. त्यानंतर पार्क्स कॅनडाने प्रत्येक मार्गाला साधा, आव्हानात्मक आणि गुंतागुंतीचा अशा भूप्रदेशाच्या श्रेणी दिल्या. दिवसाचे हिम कसे आहे ते पत्रक सांगते, पण उताराखाली पळायला जागा आहे का, वर काय लोंबते आहे, हे ही श्रेणी सांगते आणि ती रोज बदलत नाही. आम्ही त्याच क्षणी ठरवले, की पहिल्या वर्षी ‘साध्या’ श्रेणीच्या पलीकडे जायचे नाही.

त्या खेपेस चढाई झालीच नाही. भाड्याच्या स्कींचे दोन दिवसांचे पैसे आणि गोल्डनची खोली एवढा खर्च पाण्यात गेला. रविवारी रेव्हेलस्टोकच्या रिसॉर्टमध्ये गेलो, त्या फाटकापाशीही गेलो. या वेळी चारही प्रश्नांची उत्तरे होती, पण त्या दिवशी धोक्याची पातळी चौथी होती. पाटी वाचली आणि रिसॉर्टच्याच उतारावरून खाली आलो.

मार्चच्या पहिल्या शनिवारी पुन्हा गेलो. आता मुक्काम गोल्डनऐवजी रेव्हेलस्टोकला केला. सकाळची स्थिती पाहिली, क्षेत्र उघडे होते. पत्रकात माथ्याकडे तिसरी पातळी आणि झाडांच्या पट्ट्यात दुसरी. आम्ही नेमके कोणत्या क्षेत्रात गेलो ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते वाचून कोणी तिथेच जाईल आणि त्या दिवशी तिथे काय असेल ते मला माहीत नाही.

एवढी तयारी करूनही पहिली चूक गाडी लावतानाच झाली. बर्फ नीट काढलेली एक ऐसपैस जागा दिसली, तिथे गाडी लावून, परवाना काचेमागे दिसेल असा ठेवून आम्ही बूट चढवत होतो, तेवढ्यात उद्यानाची गाडी येऊन थांबली. क्षेत्र उघडे होते, पण ती पार्किंगची जागा त्या दिवशी बंद होती. रोजच्या स्थितीत क्षेत्रांच्या खाली पार्किंगच्या जागांचीही उघडी-बंद अशी नोंद असते आणि मी फक्त वरचा भाग वाचला होता. त्यांनी समज देऊन सोडले. त्यात पाऊण तास गेला. प्रश्नमंजुषेत मी याच मुद्द्यावर अडखळले होते, हे नवऱ्याने मला त्या दिवशी तीनदा सांगितले.

चढाईचा वेग फार कमी असतो आणि तो मला आवडला. स्कीखालच्या पट्ट्यांचा हिमावर खरखर असा एकसुरी आवाज येत राहतो आणि पहिल्या तासात अंगातले दोन थर काढावे लागतात. निघण्यापूर्वी एकाने पुढे उभे राहून दुसऱ्याचा ट्रान्सीव्हर खरोखर संकेत सोडतो आहे का, ते तपासायचे असते. आम्ही दोघेच होतो, तरी ते नीट केले. साडेअकराच्या सुमारास झाडे विरळ होऊ लागली तिथे पुढचा उतार थोडा जास्त वाटला. कोनमापकाने मोजला तर तेहतीस अंश. मी पुढे होते. स्की टाकली आणि पायांखालून, बरेच खोल, ‘धप्प’ असा दबका आवाज आला आणि आजूबाजूचे हिम किंचित खाली बसल्यासारखे झाले. वर्गात याविषयी सांगितले होते, की खालचा कच्चा थर ढासळला की असा आवाज येतो. ऐकल्यावर ओळखायला क्षणही लागला नाही.

नवरा मागून म्हणाला, “अगं, क्षेत्र उघडं आहे ना पण आज?” वाक्य तोंडातून जाताच तोच ओशाळून हसला. मीही हसले, पण माझे गुडघे थरथरत होते. आम्ही आलो त्याच खुणांवरून, एका वेळी एक जण असे, मागे झाडांत आलो. थोड्या वेळाने चौघांचा एक गट आमच्या शेजारून वर गेला. त्यांना आवाजाविषयी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आभार मानले आणि दुसऱ्या, कमी उताराच्या बाजूने वाट काढली. त्यांना काही झाले नाही.

मग खालच्या जंगलातल्या पंचवीस अंशांच्या उतारावर आम्ही दुपारभर चढलो-उतरलो. मी पाच वेळा पडले. शेवटच्या वेळी एक स्की सुटून खोल भुसभुशीत हिमात गडप झाली आणि ती शोधण्यात अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. शेवटी प्रोबने हातभर अंतरावर टोचत टोचत ती सापडली, तेव्हा प्रोब हे साधन पहिल्यांदा स्कीसाठी वापरले गेले याचा मला अतोनात आनंद झाला.

या उशिरातून दुसरी चूक उघडी पडली. आम्ही कॅल्गरीतल्या मैत्रिणीला लेखी कळवून ठेवले होते, की संध्याकाळी सहापर्यंत आमचा निरोप आला नाही तर मदतीसाठी फोन कर. खिंडीत मोबाइलला जवळजवळ कुठेच रेंज नाही, म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारे छोटे यंत्र उसने आणले होते. पण रॉजर्स पास आणि रेव्हेलस्टोक पॅसिफिक वेळेत होते, तर गोल्डन आणि कॅल्गरी माउंटन वेळेत, म्हणजे एक तास पुढे. आमचे सहा म्हणजे तिचे सात. आम्ही स्की शोधत होतो तेव्हा आमच्या घड्याळात पाचही वाजले नव्हते आणि कॅल्गरीत ती घड्याळाकडे पाहत बसली होती. गाडीपाशी येऊन उपग्रहाचे यंत्र सुरू केले (ते मी बॅटरी वाचवावी म्हणून बंद करून पिशवीत ठेवले होते, हा आणखी एक शहाणपणा), तर तिचे चार निरोप येऊन पडले. शेवटच्या निरोपात लिहिले होते, “दहा मिनिटं थांबते, मग फोन करतेच.” आठ मिनिटे झाली होती. निघण्याच्या पत्रात वेळेपुढे कोणत्या ठिकाणची वेळ हे लिहा, आणि यंत्र दिवसभर चालू ठेवा.

त्या हंगामात त्यानंतर आणखी दोनदा गेलो. एकदा क्षेत्र पुन्हा बंद मिळाले आणि एकदा साध्या श्रेणीच्या मार्गावर पूर्ण दिवस मिळाला. त्या दिवशी सांगण्यासारखे काही घडले नाही. आईला त्या दिवसाचे छायाचित्र पाठवले, तिने आधी माझ्या डोक्यावर टोपी का नाही ते विचारले.

३० एप्रिलला परवान्याची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही ट्रान्सीव्हर काढून त्यांतल्या बॅटऱ्या बाहेर काढल्या, कारण उन्हाळाभर आत राहिल्या तर त्या पाझरतात आणि यंत्राचे आतले टोक गंजते. माझ्या यंत्राला साध्या अल्कलाइन बॅटऱ्याच लागतात. त्या अजून निम्म्याहून अधिक भरलेल्या होत्या, म्हणून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातल्या.